वाकलेला ग्रोट

“हात नका लावू, रोलंड. मी घेते.”

हेस्टरने नाणं कडेला धरून उचललं आणि मऊ कापडावर ठेवलं. शेतात सापडलेल्या जुन्या वस्तू तपासायच्या आणि त्यांची नोंद करायची, हे तिचं म्युझियममधलं काम. त्यासाठी महिन्यातून एकदा ती या गावच्या हॉलमध्ये येऊन बसायची. हॉलच्या दुसऱ्या टोकाला, यंत्राने शेतात पुरलेली नाणी हुडकणाऱ्या मेटल डिटेक्टर क्लबची मंडळी चहा पीत गप्पा हाणत होती. रोलंड मुद्दाम त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला होता.

“सरळ होईल ना, पोरी?” त्याने हळूच विचारलं.

ते नाणं त्याच्या बायकोचं, मेव्हिसचं होतं. एडवर्ड राजाच्या काळातला चांदीचा ग्रोट, म्हणजे तेव्हाचं चार पेन्सचं नाणं, बीटच्या शेतात तिला सापडलेलं. अख्ख्या क्लबात तसं दुसरं नाणं नव्हतं. तिने ते डबीत घालून पोस्टमनला दाखवलं, दंतवैद्याला दाखवलं, एकदा तर भर अंत्यविधीत पाद्रीबुवांना दाखवलं. नाण्यांच्या बाबतीत बाई महाकडक. कुणी नवखा थुंकी लावून नाणं चोळायला लागला की कडाडायची, “सहाशे वर्षं मातीने सांभाळलं, आणि तुला घरी जाईपर्यंत दम निघत नाही?” रोलंडने एकदा एक नाणं टूथपेस्टने घासून लखलखीत केलं, तर आठवडाभर तिने त्याच्याशी अबोला धरला होता.

मेव्हिस गेली त्याला आता दोन महिने झाले. म्युझियममध्ये क्लबच्या नाण्यांची काचेची पेटी मांडायची ठरली होती, प्रत्येक नाण्याखाली ते शोधणाऱ्याचं नाव. रोलंडला तिथे मेव्हिसचं नाव हवं होतं. दुसरं काही त्याला या जगाकडून नको होतं. म्हणून त्याने तिच्या शिवणाच्या डब्यातून ग्रोट शोधून काढला, तर तो मधोमध वाकलेला. राजाचं तोंड राजाच्याच छातीकडे वळलेलं.

“सरळ करायला गेलं तर तुटेल,” हेस्टर म्हणाली. “घडीवर आधीच बारीक चीर गेलीय. आणि जसं आहे तसं ठेवायचं तर खाली लिहावं लागेल, कशाने वाकलं ते.”

तिने नाणं सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं आणि दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिलं.

“पडून वाकलेलं नाही,” शेवटी ती म्हणाली. “पक्कडीची खूण नाही. कुणीतरी दोन अंगठ्यांनी दाबून सावकाश वाकवलंय. मुद्दाम.”

शेवटच्या वर्षात मेव्हिसचं डोकं ठिकाणावर राहिलं नव्हतं. चहात मीठ घालायची, रोलंडला स्वतःच्या भावाच्या नावाने हाक मारायची. तेव्हाच कधीतरी केलं असणार तिने हे. आणि आता पेटीसमोर उभं राहून लोक म्हणणार, बिचारी, शेवटी शेवटी स्वतःच्या नाण्याचीही ओळख राहिली नाही तिला. जिने आयुष्यभर दुसऱ्यांना नाणी जपायला शिकवलं, तिची एवढीच आठवण गावात उरणार. त्याला ते सोसवेना.

“मीच वाकवलं,” तो म्हणाला.

“तुम्ही?”

“हो, मीच! लिही, रोलंड थर्टलने वाकवलं. दारूच्या नशेत, रागाच्या भरात, काय वाटेल ते लिही. तिचं नाव त्यात येता कामा नये.”

त्याचा आवाज चढला तशा पलीकडच्या माना वळल्या. “काय रे रोलंड, पुन्हा टूथपेस्ट का?” कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. रोलंडने वळूनही पाहिलं नाही. त्याचे डोळे भरून आले होते.

हेस्टरने चष्मा काढला. हशा विरेपर्यंत ती थांबली.

“चिरेतली चांदी काळी पडलीय, रोलंड. हे गेल्या वर्षातलं नाही. त्याआधी बरंच झालंय, मेव्हिस चांगल्या होत्या तेव्हाचं.”

“असं कसं? चांगली असताना ती असलं करेल? मेव्हिस?”

“तुमचं हृदयाचं ऑपरेशन झालं ना, त्या हिवाळ्यात मला त्यांचा हॉस्पिटलमधून फोन आला होता. म्हणाल्या, पूर्वी माणूस मरणाच्या दारात असला की लोक त्याच्या अंगावर नाणं धरायचे, संताचं नाव घ्यायचे आणि नाणं वाकवायचे, ते नेमकं कसं करत? मला वाटलं, क्लबात भाषण द्यायचं असेल. मी आपली सांगत सुटले. एकदा वाकवलं की ते नाणं संताचं झालं, मग ते पुन्हा सरळ करायचं नाही.”

रोलंडचा हात आपोआप शर्टाच्या गुंड्यांवर, आतल्या ऑपरेशनच्या व्रणावर गेला. महिनाभर नळ्या लावून पडला होता तो तिथे. त्यातलं त्याला काहीच आठवत नव्हतं.

“आणि ती काय म्हणाली?”

“विचारलं, साधं दोन पेन्सचं नाणं चालेल का.” हेस्टरने नाण्यावर कापडाची घडी हलकेच पांघरली. “मी हसत म्हटलं, ‘संताकडे माणूस मागायचा आणि द्यायचे दोन पेन्स? द्यायला जिवावर येईल असं नाणं हवं, मेव्हिस.’”