चिमटीतला दाल्सू

पोटापाण्यासाठी मी शाळेच्या पुस्तकांतली चित्रं काढते. रिकाम्या वेळात मात्र दाल्सूची, माझ्या नवऱ्याची. अंगठ्याएवढी, कातरून घेतलेली. एक डोळा मिटून चिमटीतला कागद समोर धरला, की तो शेजारणीच्या किमचीच्या रांजणावर लोळतो, नाहीतर सीगलच्या पाठीवर बसून थोंगयंगच्या बंदरावरून फिरून येतो.

त्याची बोट परत आली नाही, त्याला तीन वर्षं झाली. चेहरा काढायला गेलं की माझा हात अडतो, म्हणून मी त्याला नेहमी पाठमोराच काढते.

आज दुपारी मी त्याला धक्क्याच्या टोकाला उभा केला. तिथे कालवं सोलत बसलेली माल्जामावशी लांबूनच ओरडली, "एवढी घोडी झालीस, तरी बाहुल्याच खेळतेस!"

मी हसले. आणि त्याच्या पिवळ्या रेनकोटाची कड फडफडताना दिसली. वारा तिकडे, समुद्रावर होता. माझ्या हातातला कागद जराही हलत नव्हता.

दचकून मी हात खाली घेतला, दोन्ही डोळे उघडले. धक्क्यावर मावशीशिवाय कुणी नव्हतं.

मावशी मात्र सुरी टाकून उठली होती. मघाचा चेष्टेचा सूर पार गेला होता.

"अगं, का घालवलंस त्याला? आत्ता कुठे तुझ्याकडे वळत होता!"

मी कागद पुन्हा वर धरलाय. हात भरून आलाय, पण खाली घ्यायचा धीर होत नाही.