हिरवट बटाट्यांची भाजी

हिरवट बटाटे आता कुणी फेकत नसे. जिवाणूंच्या पाण्यात दिवसभर भिजवले की जिवाणू त्यांतलं विष खाऊन टाकत. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या सगुणाबाई मात्र त्यांना हात लावेनात. अकरा वर्षांपूर्वी, हे पाणी निघण्याआधी, त्यांनी केलेली असलीच भाजी खाऊन चाळीस मुली आजारी पडल्या होत्या.

"मावशी, त्यांत मीही होते," नवी अधीक्षिका रेवती म्हणाली. "दवाखान्यात तुम्हीच माझं डोकं मांडीवर घेऊन बसला होतात. करा भाजी, पहिली मी खाते."

सगुणाबाईंनी भाजी केली, पण पहिला घास स्वतः खाल्ला. संध्याकाळपर्यंत पोट शांत राहिलं, तेव्हा कुठे त्यांनी रेवतीला वाढलं आणि तिचं जेवण होईपर्यंत त्या समोरून हलल्या नाहीत.