काडीला आधार

"आज पडलं, तर पंख भंगारवाल्याला देऊन टाकणार," उदयसिंह म्हणाले आणि त्यांनी विमान गव्हाणच्या माळावर गवतात ठेवलं.

बिनइंजिनाचं विमान. रिमोटवर चालणारं. लांब पंख आणि नळीसारखं बारीक, लांबलचक पोट. वर्षभर खपून बांधलेलं आणि दर वेळी नाकावर आपटलेलं.

"असं नका बोलू, उदयराव," शेजारचे दाऊदभाई कळवळून म्हणाले. आखातातून परतल्यापासून पनवेलमध्ये त्यांना हा एकच दोस्त मिळाला होता. विमान गेलं, की त्यांचा रविवारही जाणार होता.

दोष सापडला होता. शेपटीची पट्टी वरखाली करायला विमानाच्या पोटातून एक लांब काडी जाते. ओढली की ठीक. ढकलली की ती मधेच वाकायची आणि पट्टी ढिम्म हलायची नाही. नाक वर व्हायचं, खाली मात्र यायचं नाही; मग वेग संपून विमान कोसळायचं. म्हणून काल दाऊदभाईंनी काडीत फोमच्या चकत्या ओवल्या, चकत्यांच्या कडांना गोंद लावला आणि काडी पोटात सरकवली. आता तिला जागोजागी आधार होता.

"काडीला कशाला दोष?" सुमतीवहिनी चटईवर बसत म्हणाल्या. "घरी टीव्हीचा रिमोट हातात आला तरी यांचा अंगठा स्वस्थ बसत नाही."

"तू डबा उघड," उदयसिंह म्हणाले. लांब उभं राहून त्यांनी रिमोटची दांडी पुढेमागे केली. "दाऊदभाई, शेपटी हलतेय का?"

दाऊदभाई शेपटीवर ओणवे झाले होते. क्षणभर थांबून ते ओरडले, "मस्त! सोडू?"

रबरी दोरी ताणली गेली. विमान सुटलं, चढलं, दोरी गळून पडली. मग ते खाडीवरच्या बगळ्यासारखं तरंगत राहिलं.

"आता खाली! आता वर! बघा, कसं ऐकतंय!" उदयसिंहांचे दोन्ही अंगठे नाचत होते. विमानाने शांतपणे मोठं वळण घेतलं, आणखी एक घेतलं आणि अलगद गवतात टेकलं.

"पुढचं याच्या दुप्पट लांब!" असं म्हणत उदयसिंह पोरासारखे दोरी गोळा करायला धावले.

सुमतीवहिनींनी विमान उचललं. शेपटीची पट्टी बोटाने दाबली. पुन्हा दाबली. मग दाऊदभाईंकडे रोखून पाहिलं.

"हळू बोला, वहिनी," दाऊदभाई कुजबुजले. "गोंद काडीलाही लागला. सकाळपासून पट्टी तसूभर हललेली नाही. सांगितलं असतं, तर त्यांनी इथूनच भंगारवाला गाठला असता."

वहिनींनी माळाच्या टोकाला दोरी गुंडाळत गाणं म्हणणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"दाऊदभाई," त्या म्हणाल्या, "पुढच्या विमानालाही हाच गोंद लावा."