शेवटची पंगत

वालूरच्या मारुतीपुढं रिटायर ड्रिलमास्तर व्यंकटराव रोज सकाळी म्हाताऱ्यांकडून उठाबशा काढून घेत, आणि समोरच्या ओट्यावरून दत्तराव पचकन थुंकत. “शाळेत चुकवलेल्या उठाबशा आता मसणात जायच्या वयात काढायलेत, बेशरम!” बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या पहिल्याच मोठ्या लग्नात ही सगळी मंडळी पुरुषांच्या पंगतीला बसली. जेवणं झाली तसे मास्तरांचे ते म्हातारे जमिनीला हात न टेकता उठले. दत्तरावांनी जोर लावला, पण गुडघे हलेनात. मास्तरांनी हात पुढं केला. “हट! माझं जेवण व्हायचंय अजून,” म्हणत दत्तरावांनी पुन्हा बुंदी वाढून घेतली. दुसरी पंगत उठली, तरी ते पत्रावळीवरची बुंदी चिवडतच होते. शेवटी बायकांची पंगत बसली. दत्तरावांची बायको सरजाबाई शेजारी टेकत नाक मुरडून म्हणाली, “थुंकायला गुडघे लागत न्हाईत. बसा आता. जन्मात पयल्यांदा तुमच्या बराबरीनं जेवायलेय मी.”