किल्ल्याची बस

बेटावरच्या त्यांच्या बारा खोल्या उन्हाळाभर पर्यटकांनी गजबजलेल्या असायच्या, त्यामुळे स्टामाटिसला बायको-मुलीला घेऊन फिरायला सवड मिळायची ती ऐन थंडीत. यंदा बुडापेस्ट. बाहेर बर्फ भुरभुरत होता, लेक कानटोपी घालून दारात ताटकळत होती, किल्ल्याची बस दहा मिनिटांत सुटणार होती, आणि कॅलिओपी मात्र हॉटेलच्या पलंगावर वाकून चादरीच्या सुरकुत्या काढत बसली होती.

"अगं, इथे तू पाहुणी आहेस, पाहुणी! चार दिवस झाले, रोज सकाळी हेच. जित्याची खोड म्हणतात ती हीच."

"खोड नाही रे," उशी थोपटत ती म्हणाली. "वीस वर्षांत आपल्याकडे एकाच पाहुणीनं स्वतःचं अंथरूण स्वतः आवरलं होतं. त्या सकाळी मला माझी कॉफी गरम असतानाच प्यायला मिळाली."

स्टामाटिसने घड्याळाकडे पाहिलं. मग हातमोजे काढून खिशात कोंबले.

"सरक तिकडे," तो म्हणाला. "कोपरा काही तुला अजून नीट खोचता येत नाही."