कठड्याची गाठ

कुणी विश्वास ठेवणार नाही, पण नारीन नदीच्या पुलावर मी मृत्यूला रांगेत उभं केलं होतं. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या बुरुलला नव्या पुलाचं वेळापत्रक आखायला शिकवताना मी दोरीला गाठी मारत हीच गोष्ट सांगितली. “गाठ म्हणजे काम, पोरी. आधीची बसल्याशिवाय पुढची मारायची नाही. तुझा बाप माझा सुतार; त्याला न्यायला आलेल्या मृत्यूला मी अशीच दोरी दाखवून बजावलं: आधी फळ्या, मग कठडा, मग रिवाजाप्रमाणे घोडा कापून गावजेवण, शेवटी तू. बिचारा काठावर कुडकुडत बसला. तुझा बाप पोटभर जेवून अंथरुणात हसत गेला.” बुरुलनं चहाचा वाडगा ठेवला, माझी दोरी घेऊन कठड्याची गाठ सोडली. “खोटं, आजोबा. आवतणं गेली होती म्हणून तुम्ही घोडा आधी कापलात. कठडा राहिलाच. मांसाचं पातेलं घेऊन पूल ओलांडताना बाबा नदीत पडले.”