टाकीतली वाटी

वायपरला सुतळीनं एक तबकडी बांधली होती आणि उस्ताद काचेतून तिच्या काट्याकडे टक लावून बघत होते. तबकडी पेट्रोलचा दाब दाखवत होती. काटा चाळिसावर होता. शेजारी स्टीअरिंगवर त्यांची धाकटी सून होती. कालपासून दोघांत एका शब्दाचं बोलणं नव्हतं, कारण काल तिनं त्यांच्या हातची पेट्रोलची टाकी कापली होती.

तबकडीची नळी इंजिनातून वर आली होती, म्हणून बॉनेट नुसतं टेकवून दोरीनं आवळलं होतं. तसंही ते पक्कं लावायचा हक्क कुणाला नव्हता. गॅरेजची रीतच होती. काम कुणीही करो, बॉनेट शेवटी उस्तादच लावणार. ते एकदा लागलं की गाडीची हमी उस्तादांची.

गाडी पन्नास वर्षांची. इंजिन मात्र या महिन्यात बसवलेलं, नवं कोरं. सरळ रस्त्यावर गाडी सुसाट पळायची आणि लांब वळण आलं की आचके देऊन बंद पडायची. आठवडाभर दोघं त्या नव्या इंजिनाच्याच मागे लागली होती. पंप बदलला, फिल्टर बदलला, वायरिंग दोनदा उकललं. टाकीवर कुणी संशय घेतला नाही. ती तीस वर्षांपूर्वी उस्तादांनी स्वतः पत्रा ठोकून बनवलेली. घरातल्या वडीलधाऱ्यावर संशय घेणार कोण?

सुनेनं घेतला.

"जुन्या कार्बोरेटरला वाटी होती, बाबा," ती काल म्हणाली होती. "वळणावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला पळायचं, पंपाच्या तोंडी नुसती हवा यायची. पण वाटीत घोटभर शिल्लक असायचं, त्यावर गाडी वेळ मारून न्यायची. नव्या इंजिनाला ती वाटीच नाही. ती आपण टाकीत बसवू, पंपाभोवती. पेट्रोल आत येईल पण बाहेर पळणार नाही, अशी झडप लावून."

"तीस वर्षं या टाकीत खोट निघाली नाही."

"खोट आहे असं मी म्हणतच नाही."

"मग काप. पण उद्या काटा पडला, तर या गॅरेजात पुन्हा पाना धरायचा नाही."

"बरं," ती म्हणाली. टाकी रिकामी केली, वास जाईपर्यंत धुतली, कापली, आत वाटी बसवली आणि पुन्हा सांधली. उस्ताद तेवढा वेळ रस्त्यावर जाऊन उभे राहिले होते.

आता चौक आला. मोठा, गोल, मधे कोरडं कारंजं. टाकीत मुद्दाम पाव भागच पेट्रोल ठेवलं होतं. सुनेनं गाडी वळवली.

काटा थरथरला आणि पुन्हा चाळिसावर आला. एक फेरी झाली.

"अजून एक," उस्ताद म्हणाले. कालपासूनचे हे पहिले दोन शब्द.

दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला त्यांनी दाराची कडी घट्ट धरली. "पाय काय नवस बोललाय का? दाब की."

तिनं दाबला. टायर ओरडले. उस्ताद दारावर जाऊन आदळले, पण मान वाकडी करून तबकडीच बघत राहिले. काटा जागचा हलला नाही. पाचव्या फेरीला चौकातल्या हवालदारानं हात करून गाडी थांबवली आणि खिडकीत वाकला.

"काका, काही हरवलंय का इथं?"

"सून आहे माझी," उस्ताद म्हणाले. "गाडी हिनं केलीय. टाकीसुद्धा."

हवालदारानं तसलं काही विचारलंच नव्हतं. तो गोंधळून बाजूला झाला. सुनेला इतका अभिमान वाटला, की निघताना तिच्याकडून गिअर चुकला. एरवी त्यावर उस्तादांनी पाच मिनिटं ऐकवलं असतं. आज त्यांना ते ऐकूच आलं नाही.

गॅरेजात आल्यावर तिनं सुतळी सोडली, नळी काढली, जोड पुन्हा घट्ट केला, गळत नाही ना ते बोट फिरवून पाहिलं. मग नेहमीसारखी दोन पावलं मागे सरकून उभी राहिली. उस्ताद नळावर होते. संध्याकाळशिवाय कधी हात न धुणारा माणूस दुपारी तीनला कोपरापर्यंत साबण लावत होता.

"बाबा, बॉनेट."

"माझे हात स्वच्छ झालेत आता. तू लाव."

ती दोन पावलं पुढे आली. मग दोन्ही तळवे टेकवून तिनं बॉनेट दाबलं. खट्ट आवाज झाला. दुधी रंगावर ग्रीसचे दोन काळे पंजे उमटले. जीभ चावून ती फडक्याकडे वळली, तर फडकं उस्तादांनी आधीच उचललं होतं.

गाडीच्या मालकीणबाई चार वाजता यायच्या होत्या. तोवर उस्तादांनी छतापासून चाकांपर्यंत सगळी गाडी पुसून लख्ख केली. ते दोन पंजे तेवढे राहू दिले.